नक्षीच्या संगणकाची मेमरी वाढवताना

चादरीच्या नक्षीचे काम संगणकावर करणाऱ्याला सर्वांत महाग पडते ते मधले थांबणे. यंत्र पूर्ण बंद पडले तर निदान दुरुस्तीवाल्याला बोलावता येते आणि तेवढ्या वेळात दुसरे एखादे काम उरकता येते. पण यंत्र चालू आहे, पडद्यावर नक्षी दिसते आहे, आणि तरीही प्रत्येक बदलानंतर ते दहा-पंधरा सेकंद गप्प बसते आहे, अशी अवस्था आली की कामाचा सगळा ओघच तुटतो. मोराच्या गळ्याची निळाई जरा गडद करून पाहावी असे मनात येते, तसा बदल करावा, आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत मघाची छटा नेमकी कोणती होती हेच आठवू नये, असे दिवसभर होत राहिले की संध्याकाळी अर्धवट नक्षी आणि डोक्याचा शीण एवढेच उरते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या कामाच्या संगणकाचे असे झाले होते. त्याची रॅम, म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी, ८ जीबीवरून ३२ जीबी केली आणि ते थांबणे गेले. प्रत्यक्ष काम तासाभराचे; परंतु यंत्र नेमके कशासाठी थांबते आहे हे आधी शोधून काढण्यात जो वेळ गेला, तो मला त्या खरेदीहून मोलाचा वाटतो.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक आणि साखर पेठेच्या गल्ल्यांमध्ये आणि पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जेकार्डच्या, म्हणजे उभे धागे निवडून उचलत कापडातच नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, आणि त्या मागांना नक्षी पुरवणारी आमच्यासारखी छोटी डिझाइन ऑफिसे आहेत. एक-दोन संगणक, एक प्रिंटर, कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा, एवढाच त्यांचा पसारा असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचे नाव देशभर ठाऊक आहे. पण त्या चादरीवरचा मोर, हत्ती किंवा फुलांची जाळी आधी कुणीतरी एका खोलीत बसून काढलेली असते, आणि त्या खोलीतले यंत्र अडले की मागही अडतात. अशा ऑफिसांत संगणक जड चालू लागला की कानावर येणारा पहिला सल्ला ‘मॅडम, आता नवीनच घ्या’ हा असतो. मलाही तो मिळाला होता. सल्ला देणाऱ्याने संगणक उघडून पाहिला नव्हता आणि मी त्यावर काय काम करते हे विचारलेही नव्हते, म्हणून तो मला पटला नाही.

काम काय आहे हे आधी सांगायला हवे, कारण मेमरी किती लागेल याचे उत्तर कामातच असते. माग जे वाचतो ते खरे तर फारच थोडे असते. समजा नक्षीच्या एका आवृत्तीत, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, उभे धागे उचलणारे १,२०० हूक आणि १,८०० आडव्या धाग्यांच्या फेका आहेत. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, उभा धागा वर उचलायचा की खाली ठेवायचा. म्हणजे २१ लाख ६० हजार होकार-नकार झाले, आणि प्रत्येकाला एक बिट धरला तर सारी नक्षी सुमारे २६४ केबीत मावते. एवढ्याने कोणताच संगणक दमत नाही. वजन असते ते तिथवर पोहोचण्याच्या वाटेवर. कारखानदाराला चादर पसरल्यावर कशी दिसेल ते पाहायचे असते, निर्यातीच्या गिऱ्हाइकाला छापील कॅटलॉग हवा असतो, आणि अलीकडे जेकार्डबरोबर छापील बेडशीटचीही नक्षी मागितली जाते. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब कापडाची नक्षी छपाईसाठी इंचाला ३०० बिंदूंनी तयार केली, तर आडवे १८,००० आणि उभे २७,००० बिंदू होतात. गुणाकार ४८ कोटी ६० लाखांवर जातो. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा यांचा एकेक बाइट दिला की एकच सपाट थर सुमारे १.४६ जीबीचा होतो. पार्श्वभूमी वेगळी, किनार वेगळी, मोर वेगळा, त्याची सावली वेगळी, असे चार-पाच पूर्ण थर झाले आणि मागे जाण्याची सोय म्हणून सॉफ्टवेअरने आधीच्या काही पायऱ्या जपून ठेवल्या की ८ जीबी कधी संपले हे कळतही नाही. त्यातला काही वाटा विंडोजने आधीच घेतलेला असतो, आणि शेजारी ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाची मेल उघडी असते ती वेगळीच.

मेमरी संपल्यावर संगणक बंद पडत नाही, ही सोय आहे आणि अडचणही तीच आहे. नवी पेठेतल्या कापड दुकानाची गादी डोळ्यांसमोर आणावी. गिऱ्हाईक समोर बसलेले आहे, गादीवर वीस चादरी पसरता येतात, आणि त्याला तुलना करायची आहे पंचवीस चादरींची. एकविसावी दाखवायची तर आधीची एक घडी घालून मागच्या गोदामात पाठवावी लागते, आणि दोन मिनिटांनी गिऱ्हाईक नेमकी तीच परत मागते. दुकानदार कितीही चपळ असला तरी त्याचा सारा वेळ गोदामाच्या फेऱ्यांत जातो. संगणकात गादी म्हणजे रॅम आणि गोदाम म्हणजे डिस्क. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे ४ केबीचे तुकडे पाडते, त्यांना पाने म्हणतात, आणि जागा कमी पडली की बराच वेळ न लागलेली पाने डिस्कवरच्या राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवते. प्रोसेसरने त्यातले एखादे पान मागितले की काम थांबते, पान परत येते, मग काम पुढे सरकते.

या फेरीची किंमत काळाच्या मापात पाहिली की सारे उलगडते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. साटा जोडणीच्या एसएसडीतून, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कमधून, तीच माहिती आणायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे हजारपट वेळ जातो. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्यालाच ८.३ मिलिसेकंद घेते, आणि तिचा वाचक हात योग्य जागी सरकण्याचा वेळ धरला तर एका मागणीला १० मिलिसेकंदांच्या पुढे लागतात, म्हणजे रॅमच्या लाखपट. रॅमचा एक सेकंद धरला तर एसएसडीचे साडेसोळा मिनिटांहून अधिक होतात आणि हार्ड डिस्कचा सव्वा दिवसाच्या आसपास होतो. माझ्या संगणकात एसएसडी होती, म्हणून माझे थांबणे सेकंदांचे होते. ज्यांच्याकडे नुसती हार्ड डिस्क आहे त्यांनी चहा पिऊन यावे इतके ते लांबते.

या विकाराला संगणकशास्त्रात थ्रॅशिंग म्हणतात आणि त्याचे नीट निदान १९६८ साली झाले आहे. पीटर डेनिंग या अमेरिकी संशोधकाने त्या वर्षी दाखवून दिले की मेमरी अपुरी पडू लागली की यंत्राची गती हळूहळू उतरत नाही, एका टप्प्यावर ती एकदम कोसळते, कारण तिथून पुढे प्रोसेसर कामापेक्षा पाने येण्याची वाट पाहण्यातच वेळ घालवतो. त्याच सुमारास त्यांनी ‘वर्किंग सेट’ ही कल्पना मांडली. एखादा प्रोग्रॅम नजीकच्या काळात ज्या पानांना पुन्हा पुन्हा हात लावतो तो त्याचा कामाचा संच. तो पूर्ण रॅममध्ये मावत असेल तर काम सुरळीत चालते, आणि थोडासाही बाहेर राहिला तर अडखळते. मेमरीविषयी मी जे काही वाचले त्यात मला ही कल्पना सर्वांत उपयोगी वाटली. साऱ्या फायलींची बेरीज किती आहे याला महत्त्व नाही. आत्ता या घटकेला हाताखाली काय काय लागते आहे तेवढेच मोजायचे असते, आणि ते मावेल एवढी मेमरी घ्यायची असते. ते मावल्यानंतर आणखी दुप्पट रॅम घातली तर त्या कामाला तिचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

म्हणून मोजणी आधी केली. नेहमीचे सगळे उघडून, बेडशीटची मोठी फाइल समोर ठेवून, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी असे पाहिले. वापरातली मेमरी काठोकाठ होती, पण तो आकडा एकटा काही सांगत नाही, कारण तो भरवलेल्या रॅमच्या वर जाऊच शकत नाही, मग किती कमी पडते आहे ते त्यात दिसत नाही. खरा आकडा ‘कमिटेड’ या शब्दापुढे असतो. सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली आणि त्यांना कबूल केलेली मेमरी तिथे दिसते, आणि माझ्याकडे ती भरवलेल्या रॅमच्या बरीच पुढे गेलेली होती. मग रिसोर्स मॉनिटर उघडून ‘हार्ड फॉल्ट्स’चा स्तंभ पाहिला. डिस्कवरून पान आणावे लागले की तिथला आकडा वाढतो. फाइल उघडताना तो थोडा वेळ उसळला तर बिघडत नाही. पण उघडून झाल्यावर, नुसता थर सरकवताना तो सतत शेकड्यांत राहत असेल, आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वापर खाली असेल, तर दुखणे रॅमचेच आहे. माझ्याकडे दोन्ही चिन्हे स्पष्ट होती. ही तपासणी पाच मिनिटांत होते, तिला एक पैसा लागत नाही, आणि तरीही खरेदीआधी ती करणारे थोडेच असतात, याची मला खरोखर खंत वाटते.

आमच्या ऑफिसात अधूनमधून एक अण्णा येऊन बसतात. चाळीस वर्षे त्यांनी हाताने ग्राफ काढले आहेत. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याची कार्डे पंच करायची, आणि ती दोऱ्याने ओवून मागावर चढवायची, हा त्यांचा सारा जन्म. माझी तक्रार ऐकून ते म्हणाले, ‘आम्ही एका ग्राफला आठ-आठ दिवस बसत होतो, पण हात थांबत नव्हता बघ. आता तुमचं काम तासाचं आणि बसणं दिवसाचं झालंय.’ त्यांच्या बोलण्याने मला माझ्या अडचणीचे नेमके रूप दिसले. काम संथ असले तरी चालते, कारण संथ कामात मनही त्याच चालीने चालत असते. मन पुढे गेलेले आणि हात अडकून पडलेला, ही अवस्था नक्षी काढणाऱ्याला सोसत नाही.

अण्णांची ती कार्डे म्हणजेही मेमरीच आहे, हे मला इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ-मारी जाकार (जेकार्ड हे नाव त्यांच्यावरूनच आले) यांनी १८०४ च्या सुमारास आणलेल्या यंत्रणेत पुठ्ठ्यावर भोक असेल तर सुई आत जाते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. १८३९ साली त्यांचेच चित्र रेशमात विणले गेले तेव्हा त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली होती, आणि त्या चित्राची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी मिळवून ठेवली होती. बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रात कार्डांची योजना जेकार्डवरूनच आली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणकांत चुंबकीय कड्यांची मेमरी आली तेव्हा तीही हाताने ओवली जात असे. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकात कायमच्या सूचना साठवण्यासाठी तारेची विणलेली मेमरी होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलथम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया बसून एकेक तार कड्यातून किंवा कड्याच्या बाजूने ओवत. तार कड्यातून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. अशी ३६,८६४ शब्दांची विणलेली मेमरी आणि पुन्हा लिहिता येणारी केवळ २,०४८ शब्दांची मेमरी, एवढ्या शिदोरीवर माणूस चंद्रावर उतरला. यंत्रमागांच्या गावात राहणाऱ्या मला ही माहिती वाचून अतिशय आनंद झाला होता, आणि अण्णांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ त्या बायकांच्या कामाविषयीच विचारत राहिले: तार किती जाड, एक चूक झाली तर उसवता येत होती का, किती जणी एका कामावर.

आजची रॅम विणलेली नसते, पण तिची घडण त्याहून नाजूक आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचलेली आणि १९६८ साली पेटंट मिळालेली कल्पना अशी की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर पुरतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० साली इंटेलने विकायला काढलेल्या ११०३ या चिपमध्ये अवघे १,०२४ बिट होते. आज १६ जीबी रॅमच्या एका पट्टीत सुमारे १३,७०० कोटी बिट असतात. अडचण एवढीच की तो भार सतत झिरपून जातो. म्हणून प्रत्येक घर ठरावीक वेळेत वाचून पुन्हा भरावे लागते, आणि डीडीआर ४ या रॅमच्या प्रकारात ही वेळ ६४ मिलिसेकंदांची आहे. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा साऱ्या मेमरीची उजळणी होते. तापमान वाढले की भार अधिक वेगाने झिरपतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या पुढे गेले तर हीच उजळणी ३२ मिलिसेकंदांत करावी असे मानक सांगते.

सोलापूरकरासाठी ही गोष्ट पुस्तकी नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि मागाशेजारी ऑफिस असेल तर हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरच्या थंडाव्याच्या जाळीत आणि रॅमच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतात आणि त्यांची मऊ गादी तयार होते. माझा संगणक उघडला तेव्हा त्या जाळीची अर्धी वाट बंद झालेली होती. रॅम वाढवायला बसलेल्या प्रत्येकाने आधी ब्लोअरने आणि मऊ ब्रशाने ही सफाई करावी, असे मी आग्रहाने सांगेन. चांगली रॅम घालून ती कापसात गाडून ठेवण्यात काही अर्थ नाही. फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो भलत्याच वेगाने फिरत नाही.

खरेदी करताना लक्ष द्यावे लागते ते जातीकडे. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या कडेला असलेली खाच प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असते आणि वीजदाबही वेगळा असतो, डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला १.२ आणि डीडीआर ५ ला १.१. टेबलावरच्या संगणकाची लांब पट्टी आणि लॅपटॉपची आखूड पट्टीही वेगळी. कंपन्यांच्या मोठ्या वर्कस्टेशनांत आणि सर्व्हरमध्ये चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते, तिच्यातही रजिस्टर्ड हा आणखी एक प्रकार आहे, आणि तो साध्या मदरबोर्डावर चालत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या अशा पट्ट्या स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो हे त्याच्या पुस्तिकेत असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते आणि तिथे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून नक्षीच्या कामासाठी लॅपटॉप घेणाऱ्याने ही गोष्ट विकत घेण्याआधी विचारावी.

माझ्या संगणकात दोन खोबणी होत्या आणि एकीत ८ जीबीची डीडीआर ४ पट्टी होती. रिकाम्या खोबणीत १६ची एक पट्टी घालून २४ करता आले असते, आणि ते चाललेही असते. तरीही मी १६च्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये दोन वाटा असतात. दोन्हींवर सारखी पट्टी असली की माहिती दोन्हींवरून एकाच वेळी वाहते. २,६६६ वेगाची एक पट्टी सेकंदाला सुमारे २१.३ जीबी माहिती देऊ शकते, जोडीने तो आकडा ४२.६ होतो. विजोड पट्ट्यांत सारख्या भागापुरती दुहेरी वाट मिळते आणि उरलेला भाग एकेरीवर चालतो. शिवाय दोन्हींचा वेग मंद असलेल्या पट्टीच्या चालीवर येतो. मोठ्या चित्राला छटा देताना किंवा ते फिरवताना एवढा फरक हाताला जाणवतो, असा माझा अनुभव आहे.

बसवण्याचे काम ज्या तरुण तंत्रज्ञाने केले त्याने मला शेजारी बसवून सगळे दाखवले. ‘ताई, तुम्हीच लावा, मी बघतो,’ असे म्हणून त्याने दुसरी पट्टी माझ्या हातात दिली. वायर भिंतीतून काढायची, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलासुरला भार जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडायची, पट्टी फक्त कडांना धरायची, खाच जुळवायची आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा. खिट्टी टक् करून बसते. जुन्या पट्टीची सोनेरी टोके त्याने खोडरबराने हलकेच पुसून ठेवली. संगणक सुरू झाला नाही आणि नुसते बीप वाजत राहिले तर बहुतेक वेळा पट्टी पूर्ण बसलेली नसते, एवढेही त्याने सांगून ठेवले, आणि पहिल्याच वेळी यंत्र सरळ सुरू झाले.

त्यानंतरची रात्र मी मेमटेस्टला दिली. पेन ड्राइव्हवरून चालणारा हा प्रोग्रॅम मेमरीच्या प्रत्येक घरात वेगवेगळे साचे लिहितो, ते परत वाचून पाहतो, आणि एकही बिट चुकला तर लाल अक्षरांत दाखवतो. नवी रॅम सदोष निघण्याचा प्रसंग क्वचितच येतो, पण आला तर त्याचे परिणाम फार वाईट होतात, कारण एखादा चुकीचा बिट नक्षीच्या फाइलमध्ये शिरून जतन होतो आणि आठवड्याने तिथून कार्डांपर्यंत जाऊ शकतो. सकाळी पडद्यावर एकही चूक नव्हती. मग चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन त्याला किती मेमरी वापरायची मुभा आहे ते पाहिले. फोटोशॉप मुळात उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के घेते. आता ती टक्केवारी आधीच्या चौपटीहून मोठ्या जागेवर लागू झाली होती, म्हणून तिला हात लावला नाही.

फरक काय पडला ते जितके आहे तितकेच सांगते. बेडशीटच्या मोठ्या फाइलवर थर सरकवणे, रंग बदलणे, मागच्या पायरीवर जाणे ही कामे हातासरशी होऊ लागली. मेल, कॅटलॉग आणि नक्षी एकाच वेळी उघडी ठेवता येऊ लागली. हार्ड फॉल्टचा आकडा काम चालू असताना शून्याशी येऊन टेकला. मोराच्या निळाईच्या तीन छटा शेजारी शेजारी ठेवून मी कारखानदाराला समोर बसवून निवड करून घेऊ शकले, आणि मला या साऱ्या उद्योगातले हे सर्वांत मोठे फळ वाटते, कारण नक्षी चांगली होते ती अनेक छटा टाकून दिल्यानंतर, आणि टाकून देण्याची उमेद प्रत्येक छटेला पंधरा सेकंद मोजावे लागत असतील तर राहत नाही. मात्र विणलेल्या कापडाचे आभासी चित्र तयार व्हायला आधी जेवढा वेळ लागे जवळजवळ तेवढाच आताही लागतो. ते काम प्रोसेसरचे आहे, तेव्हा त्याचा वापर शंभर टक्क्यांवर असतो, आणि तिथे रॅमची काही मदत होत नाही. फाइल पहिल्यांदा उघडायलाही तेवढाच वेळ जातो, कारण ती डिस्कवरूनच यायची असते.

एक सावधगिरी मात्र वाढवावी लागली. रॅममधले सारे वीज असेपर्यंतचे असते. पूर्वी अपुऱ्या मेमरीमुळे मी फायली एकेक करून बंद करत असे आणि त्या निमित्ताने त्या जतनही होत. आता सगळे उघडे राहते, आणि आमच्या भागात वीज जाण्याचे काही वेळापत्रक नाही. यूपीएसची बॅटरी बदलून घेतली आणि सॉफ्टवेअरचे आपोआप जतन करण्याचे अंतर कमी केले. मेमरी वाढवणाऱ्या प्रत्येकाने यूपीएस तपासून घ्यावा, हे कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही.

माझी खरेदी वेळेवर झाली, असे आता वाटते. २०२५ संपता संपता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या संगणक केंद्रांची मागणी इतकी वाढली की जगभर रॅमचे भाव चढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि त्यांनी आपली उत्पादनक्षमता त्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळवली. त्याचा चटका साखर पेठेतल्या डिझाइन ऑफिसालाही बसतो. अशा काळात ‘असू द्या थोडी जास्त’ म्हणून ६४ जीबी भरणे परवडणारे नाही, आणि आपला कामाचा संच किती हे मोजलेले असले तर त्याची गरजही पडत नाही.

माझा अनुभव ऐकून एमआयडीसीतल्या एका कारखानदारांनी त्यांच्या हिशेबाच्या संगणकासाठी माझी निघालेली ८ जीबीची पट्टी मागितली. तो संगणक सकाळी सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो, अशी त्यांची तक्रार होती. पट्टी बरोबर न नेता आधी पाहायला गेले. त्यात डीडीआर ३ होती, म्हणजे माझी पट्टी तिथे बसणारच नव्हती. पण तिची आवश्यकताही नव्हती. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि एक ब्राउझर उघडूनही अर्धी रॅम मोकळी होती, कमिटेडचा आकडा रॅमच्या पुष्कळ आत होता, आणि डिस्कचा आलेख मात्र सुरुवातीपासून शंभर टक्क्यांवर चिकटलेला होता. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. त्यांना रॅम घेऊ नका असे सांगितले आणि त्या तरुण तंत्रज्ञाकडून साटा एसएसडी बसवून घेतली. आता त्यांचा मुनीम खुर्ची ओढून बसेपर्यंत संगणक सुरू झालेला असतो. माझी पट्टी पॉलिटेक्निकला जाणाऱ्या शेजारच्या मुलीच्या संगणकात गेली. तिच्याकडे ४ जीबीची एकच डीडीआर ४ पट्टी होती, आणि तिथे हार्ड फॉल्टचा आकडा आम्ही आधी बघून घेतला होता.